पोत्याला पहिला हात

"इश्राम, पोतं खाली सोड!"

आवाज वरच्या टप्प्यावरून आला. मी खाली, बारवेच्या भिंतीतल्या माझ्या कोनाड्यासमोर उकिडवा बसलो होतो आणि ओल्या गोणपाटाचा कोपरा दोन बोटांनी उचलून आत डोकावत होतो. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि त्या दिवसातली ती माझी चौथी खेप होती.

"नुसतं बघत होतो, मावशी."

"काय बघायलास? पोटातलं लेकरू कुनी रोज भाईर काढून बघतं का, नाक कुठवर आलं म्हनून?"

शेजारच्या कोनाड्यावर पाणी मारणारी झीनत फिसकन हसली. मी गोणपाट सोडलं, उठलो, पायऱ्या चढून वर गेलो, वर काही काम नव्हतं म्हणून परत खाली आलो.

ही तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. परभणी जिल्ह्यातल्या वाघदरा नावाच्या गावात पाण्यापर्यंत पायऱ्या उतरत जाणारी एक जुनी दगडी विहीर होती. तिला तिकडे बारव म्हणतात. ती दुरुस्त करता करता आम्ही आठ जण जुन्या वास्तू जतन करायचं शिकणार होतो. पाच महिन्यांचा अभ्यासक्रम. सगळे पदवीधर, कुणी आर्किटेक्ट, कुणी इंजिनिअर. मी सावंतवाडीकडचा, विश्राम गावडे. नाव ठेवताना आईला माझी कल्पना नव्हती. शाळेत गुरुजी म्हणायचे, नाव विश्राम आणि बुडाखाली निखारा. पुण्यात दोन नोकऱ्या सोडून झाल्या होत्या, एक आठ महिन्यांत, दुसरी पाच. निघताना वडील एवढंच म्हणाले होते, "हे तरी पुरं कर."

आणि नशिबानं मला शिकायला दिलं काय, तर चुना! ज्यात वाट बघण्यापलीकडे फारसं काही करायचंच नसतं.

आमच्या प्रमुख वर्तक मॅडम होत्या. नकाशे, नोंदी, दगडांचे आजार वगैरे त्या शिकवायच्या. चुना शिकवायला धुरपदामावशी. साठीच्या पुढच्या, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि बोटांची टोकं चुन्यानं इतकी गुळगुळीत झालेली की अंगठा घ्यायचा तर कागदावर नुसता डाग उमटायचा. माहेरी-सासरी पिढ्यान् पिढ्या हेच काम. चुनखडी भाजायची, पाण्यात विरवायची, कुंडीत महिनाभर मुरवायची. मग बैलानं फिरवायच्या दगडी घाणीत वाळू आणि विटांचा चुरा घालून, गुळाचं आणि बेलफळाचं पाणी शिंपत मळायची. भिंतीवर चढवला की थापीनं ठोकायचा, वर ओलं गोणपाट टांगायचं, आणि एकवीस दिवस त्यावर पाणी मारत राहायचं. तेवढ्या दिवसांत गोणपाट उचलायचं नाही. एकविसाव्या दिवशी, ज्याच्या हातानं चुना मळला त्यानंच ते उचलायचं.

"पोत्याला पहिला हात मळनाराचा," मावशी पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "आमच्या सासऱ्याची रीत हाय. त्यानं मला येक डाव पोतं उचललं म्हनून दोन दिस घाणीला हात लावू दिला न्हाई."

मला ते सगळं देवादिकांच्या थाटाचं वाटलं. मॅडमनी त्यामागचं कारणही समजावून सांगितलं, की गोणपाट उचललं की गरम वारं आत शिरतं, वरचा थर आधी सुकतो, आत ओल राहते आणि चिरा पडतात. मी वहीत लिहून घेतलं. परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मिळाले असते. पण हात ऐकत नव्हता.

त्या कोनाड्यांवर दोन निकाल लागायचे होते. एक आमचा. प्रत्येकाला एक कोनाडा दिला होता, हातभर उंच, हातभर रुंद, आणि मार्चच्या अठ्ठावीस तारखेला समिती येऊन तो तपासणार होती. दुसरा निकाल मावशींचा. पुढच्या वर्षीपासून हा अभ्यासक्रम कायमचा होणार होता आणि त्यात चुन्याच्या शिक्षक म्हणून मावशींना नेमावं असं मॅडमनी लिहून दिलं होतं. समितीतले एक निवृत्त इंजिनिअर, राजाध्यक्ष, त्याविरुद्ध होते. त्यांचं म्हणणं, कारखान्यातून तयार चुना पिशवीत बंद होऊन मिळतो, तो आणा आणि एखादा शिकलेला माणूस नेमा. बाईंच्या अंदाजपंच्याला अभ्यासक्रमात जागा नाही.

मावशींच्या हाताला चुना मिळाला होता तोच मुळी बारा वर्षांनी. मधली बारा वर्षं त्या औरंगाबादला भाच्याबरोबर इमारतींच्या कामावर सिमेंटची घमेली वाहत होत्या. एकदा घाणीशी बसून मला म्हणाल्या, "सिमिट डोक्यावर घेऊन चार-चार मजले चढले. कुनी इचारलं न्हाई, म्हातारे, तुला काय येतंय म्हनून. आता मरायच्या आधी चार हातांत हे घालून जावं, बास."

सिमेंटवर त्यांचा नुसता राग नव्हता, त्याला कारण होतं. बारवेच्या उत्तरेच्या भिंतीत पूर्वी कुणीतरी सांधे सिमेंटनं भरले होते. तिथल्या दगडांचे पापुद्रे निघून हातात येत. "बारवंच्या भितीला मागून कायम पानी," त्या सांगायच्या. "चुना ते पितो आन भाईर सोडतो. सिमिट तोंड दाबून धरतं. मंग दगूड आतल्या आत कुजतो." हे मला पाठ होतं. कळलं नव्हतं असं आज म्हणायची सोय नाही.

बावीस मार्चला दुपारी मी पुन्हा गोणपाट उचललं. पूर्ण गिलाव्यावर बारीक चिरांचं जाळं पसरलं होतं. बोट टेकवलं तर एक कपची सुटून खाली पडली. समिती सहा दिवसांवर.

खरं तर तेव्हाच मावशींना हाक मारायची. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या, गिलावा उतरवून नवा चढवायला लावला असता. समितीपुढे माझा कोनाडा गोणपाटाखाली झाकलेला राहिला असता आणि वहीत 'अपूर्ण' असा शेरा पडला असता. अपूर्ण! हा शब्द मला वडिलांच्या आवाजात ऐकू येत होता.

आमचा मुक्काम गावच्या शाळेत होता. तिथल्या न्हाणीत फरशा बसवायचं काम चाललेलं, आणि कोपऱ्यात पांढऱ्या सिमेंटची अर्धी गोणी तोंड उघडी पडून होती. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे वर देवळाच्या ओसरीत भाकरी खायला गेले. मी पोट बिघडल्याचं सांगितलं. खाली उतरून गिलावा खरवडला, घमेल्यात मावशींनी मळलेला चुना घेतला आणि त्यात दोन वाडगी पांढरं सिमेंट कालवलं. मनाशी म्हणत होतो, दुधात विरजण असतं तेवढंच आहे. पाऊण तासात गिलावा चढला, थापी फिरली, गोणपाट परत टांगलं गेलं. घामानं मी निथळत होतो.

वर आलो तेव्हा झीनतनं माझ्या मनगटाकडे बघितलं. "हे एवढं पांढरंफटक काय लागलंय?"

"चुना. आणखी काय असणार?"

पुढचे पाच दिवस मी गोणपाटाला शिवलो नाही. मावशींनी मात्र ते हेरलं. "काय रं, बरा हायस ना? पोतं उचलंना झालास." मी हसलो. त्यांना वाटलं, पोरगं सुधारलं. मॅडमनाही त्यांनी सांगितलं म्हणे, इश्राम आता दम धरायला शिकला. हे कानावर आलं त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

अठ्ठावीसला समिती आली. तिघं होते, पण बोलायचे ते राजाध्यक्षच. पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात क्लिपबोर्ड, स्वभावानं वाईट नाही, पण प्रत्येक गोष्ट मोजून घेणारे. मावशी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आल्या होत्या.

एकेक गोणपाट मावशींनी उचलायचं आणि राजाध्यक्षांनी नख रोवून बघायचं असं सुरू झालं. पहिल्या कोनाड्यात नखाची खूण उठली. दुसऱ्यात उठली. झीनतचा गिलावा लोण्यासारखा सरळ, एक चीर नाही, पण तिथेही खूण उठली.

"बाई, एकवीस दिवस झाले ना? हे अजून कच्चं आहे."

"कच्चं न्हाई, साहेब. आता कुठं धरायलंय. वरीसभर घट व्हत ऱ्हातंय."

"वर्षभर थांबून काम चालतं का?" त्यांनी क्लिपबोर्डवर काहीतरी लिहिलं. वर्तक मॅडम ओठ आवळून उभ्या होत्या. सातव्या कोनाड्यापर्यंत हेच. मावशींचा आवाज प्रत्येक वेळी थोडा बारीक होत गेला.

मग माझा.

मावशींनी गोणपाट उचललं. पांढराशुभ्र गिलावा, धारदार कडा. राजाध्यक्षांनी नख रोवलं. पुन्हा रोवलं. मग किल्ली काढून ओढून बघितली.

"हे बघा!" त्यांचा चेहरा उजळला. "याला म्हणतात काम. कुणाचा हा?"

"विश्राम गावडेचा," मॅडम घाईनं म्हणाल्या. "चुना मावशींचाच, पद्धत मावशींचीच."

"मग जमतंय की. म्हणजे पद्धत बरोबर आहे, बाकीच्यांनी पाळली नाही. गावडे, तुम्ही प्रमाण किती घेतलंत ते लिहून द्या. पुस्तिकेत तेच घालू." ते मावशींकडे वळले आणि पहिल्यांदाच हसले. "बाई, माझा विरोध मी मागे घेतो. पुढच्या वर्षी तुम्हीच."

मॅडमनी डोळ्यांना रुमाल लावला. झीनतनं टाळी वाजवली. मला क्षणभर वाटलं, चला, सुटलो. माझ्या लबाडीनं का होईना, मावशींचं भलं झालं.

मावशी हसल्या नाहीत. त्या गिलाव्याकडे बघत होत्या. बोटाच्या मागच्या पेरानं त्यांनी टकटक केलं, कान जवळ नेला. मग तांब्यातलं पाणी तळहातात चुळकाभर घेऊन आधी झीनतच्या कोनाड्यावर मारलं. भिंतीनं ते तिथल्या तिथे पिऊन टाकलं. दुसरा चुळका माझ्या कोनाड्यावर. पाण्याचे ओघळ गिलाव्यावरून खाली धावले आणि माझ्या चपलेपाशी साचले.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागावून नाही. बघितलं आणि थांबल्या.

किती वेळ थांबल्या ते मला सांगता येणार नाही. मला एवढं आठवतं की घाणीच्या बैलाची घुंगरं वरून ऐकू येत होती, आणि तोंडात शब्द तयार होते. 'मी सिमेंट घातलं.' तीन शब्द. पण मी पायाकडच्या ओघळाकडे बघत राहिलो.

मावशींनी पायरीवरची टाकी आणि हातोडी उचलली. काय होतंय ते कुणाला कळायच्या आत पहिला घाव बसला. खणकन आवाज झाला. दुसऱ्या घावाला अर्धा गिलावा ढपल्यांनी खाली आला.

"अहो बाई! काय करताय?"

"ह्यो चुना मपला न्हाई, साहेब."

"मग कुणाचा? तुमच्याच समोर लावलाय ना?"

मावशींनी ढपली हातात घेऊन उलटी केली, अंगठा फिरवला. "ह्यात सिमिट हाय."

"कुणी घातलं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मावशी बघत नव्हत्या. "मपल्या नजरंखाली झालंय, मंजी मपलंच. पर हे पुस्तकात घालू नगा. ह्या हिशोबानं चार बारवा दुरुस्त केल्या, तर चारी मरतेल."

राजाध्यक्षांनी टोपण बंद केलं. सात कोनाडे कच्चे, एक भेसळीचा. त्यांनी फार काही बोलायची गरज नव्हती. अर्ध्या तासात गाडी गेली.

मी वर्तक मॅडमना सांगितलं ते दुपारी चार वाजता, शाळेच्या व्हरांड्यात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग फोन लावला. पलीकडून राजाध्यक्षांचा आवाज मलाही ऐकू येत होता. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे एका विद्यार्थ्यानं त्यांच्या डोळ्यांदेखत भेसळ केली आणि पाच दिवस त्यांना पत्ता नाही. मॅडम, यानं माझंच म्हणणं खरं ठरतं." त्यांनी फोन ठेवला.

"तिथल्या तिथे बोलला असतास, तर तुझं प्रमाणपत्र गेलं असतं, एवढंच," मॅडम म्हणाल्या. "मावशींनी नुसतं पाणी मारून तुझं सिमेंट पकडलं, हीच तर त्यांची परीक्षा होती. तुझ्या कबुलीनं ते तिथंच, राजाध्यक्षांच्या डोळ्यांसमोर सिद्ध झालं असतं. आता ते फक्त ऐकतायत." आणि त्या आत निघून गेल्या.

हे मला सुचलंच नव्हतं. मी स्वतःला हेच बजावत आलो होतो, की बोललो तर मावशींचं नुकसान. मी बारवेकडे पळत सुटलो.

मावशी पायरीवर बसून घमेली धूत होत्या. हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं झालं होतं.

"मावशी, मी बोलणार होतो."

"हाव."

"बोललो असतो तर तुमचं काम जाईल, असं वाटलं मला."

त्यांचा हात थांबला. "मपल्यासाठी गप ऱ्हायलास व्हय?"

हो म्हणायला तोंड उघडलं, पण ते म्हणवेना. "नाही," मी म्हटलं. "माझ्यासाठी."

"मंग तसं सांग." त्यांनी घमेलं पालथं घातलं. "चार महिने तुला थांब थांब म्हनून नरडं सुकलं मपलं. थांबलास ते आज. टाकी उचलूस्तवर तुपली वाट बघितली मी."

माणसानं कानाखाली ओढावी, शिव्या द्याव्या, ते परवडतं. मी त्या पायरीवर बसून रडलो. मावशींनी घमेली एकात एक रचली. जाताना म्हणाल्या, "घाणीपाशी मपल्या हातचा मळलेला चुना ऱ्हायलाय, दोन घमेली. ओल्या फडक्याखाली हाय. वाया घालवू नको."

दोन एप्रिलला अभ्यासक्रम संपला. सात जणांना प्रमाणपत्रं मिळाली. सगळे आपापल्या वाटेनं गेले. मावशी त्याच्या आदल्या दिवशीच औरंगाबादला गेल्या होत्या, भाच्याकडे. मी शाळेच्या शिपायाला विचारून एका खोलीत राहिलो. कोनाडा दगडापर्यंत साफ केला, मावशींचा चुना चढवला, ठोकला, गोणपाट टांगलं. वडिलांना पत्र टाकलं की अजून तीन आठवडे लागतील. कशाला ते लिहिलं नाही.

मराठवाड्यातला एप्रिल. दगडावर भाकरी भाजावी असं ऊन. दिवसातून सहा वेळा पाणी शेंदून मारायचं आणि मध्ये करायला काहीच नाही. मी बारवेच्या पायऱ्या मोजल्या, दोनदा मोजल्या, दोन्ही वेळा आकडा वेगळा आला. हात शिवशिवायचे. गोणपाटाच्या कोपऱ्याकडे नजर गेली की मी उठून वर जायचो. वर गेलो की वाटायचं, पाणी कमी पडलं असेल, परत खाली. गावातले लोक म्हणायचे, हा कोकण्या उन्हानं बिघडला.

एकविसावा दिवस उजाडला. चुना मावशींनी मळला होता, पोत्याला पहिला हात त्यांचा. त्यांनी येते म्हटलं नव्हतं, मी या म्हटलं नव्हतं. फक्त गिलावा चढवला त्या दिवशी मी पोस्टात एक कार्ड टाकलं होतं, भाच्याच्या पत्त्यावर, 'तेवीस तारखेला पोतं उचलायचं आहे.' तेवीस गेली. चोवीस, पंचवीस गेली. मी पाणी मारत राहिलो.

अठ्ठावीसला दुपारी जिंतूरच्या एसटीतून मावशी उतरल्या. सरळ बारवेत आल्या. कोनाड्यासमोर उभ्या राहिल्या आणि गोणपाटाची वरची कड बघितली. महिनाभर न हललेल्या काठावर शेवाळाची बारीक हिरवी रेघ धरली होती. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं.

मग पोतं उचललं. नख रोवलं, खूण उठली. माझ्या हातातला तांब्या घेतला, चुळका मारला. पाणी भिंतीला लागलं आणि दिसेनासं झालं.

"प्याली," त्या म्हणाल्या.

मी तांब्या परत घेतला आणि भरला.

"येते. उद्या सलाब टाकायचा हाय, न्हाई गेले तर मुकादम खाडा धरतो." त्या खालच्या पायरीवर बसल्या आणि हात धुवायला लागल्या. तेव्हा मी ते हात नीट बघितले. कोपरापर्यंत करडे, नखांच्या कडांना चिरा. त्या चोळत होत्या, पाणी ओतत होत्या, पुन्हा चोळत होत्या. मीही तांब्यानं पाणी घालत राहिलो. चार वाजताची गाडी यायची वेळ झाली तरी सिमेंट काही निघालं नाही.